सोलरकाका

हल्ली प्रत्येक कॉलनीत एक सोलरकाका असतो. पूर्वी त्याच जागेवर शेअरवाले काका असत, त्याच्याही आधी होमिओपॅथीवाले. ओळखायला सोपा. एप्रिलच्या दुपारी तुम्ही सहज म्हणालात, "काय ऊन आहे हो!" तर बाकीचे लोक मान हलवून घाम पुसतात. सोलरकाकाचा चेहरा फुलतो. ते ऊन त्याच्या घरचं असतं.

आमचे काका नागपूरचे, पण नोकरी अख्खी चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्रात गेली. 2920 मेगावॉटचा तो कारखाना आणि त्याला लागून ऊर्जानगर वसाहत. तिथल्या दोरीवरचे कपडे काढताना आधी झटकायचे, हे काकूंच्या हातात असं बसलंय की नागपुरात येऊनही त्या टॉवेल दोनदा झटकतात. एका युनिट विजेला सहा-सातशे ग्रॅम कोळसा लागतो आणि आपल्या कोळशात तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास राखच असते, हा हिशेब काका पूर्वी अभिमानाने सांगत. आता तोच हिशेब नाक मुरडून सांगतात. पेन्शन मात्र त्याच राखेतून येते. तो विषय आपण काढायचा नाही.

फेब्रुवारी 2024 मध्ये पंतप्रधान सूर्यघर योजना आली आणि काकांनी 3 किलोवॉटचं सोलर बसवलं. 78,000 रुपयांची सबसिडी खात्यात जमा झाल्याचा मेसेज त्यांनी अजून डिलीट केलेला नाही. लग्नाच्या अल्बमसारखा तो पाहुण्यांना दाखवला जातो. तेव्हापासून त्यांची तब्येत विचारायची सोय उरली नाही.

"काका, बरे आहात ना?"

"तेरा पॉइंट चार."

ही कालची युनिटं. 3 किलोवॉटला चांगल्या उन्हात दिवसाला बारा युनिटं निघाली तरी लोक खूश असतात, पण काकांना चौदाचा ध्यास आहे. सकाळी देवाला हात जोडून होतात न होतात तोच मोबाइलवरचं ॲप उघडतं. मग ऊन चढायच्या आत पाइप घेऊन गच्चीवर. "माझी तुळस वाळून राहिली अन् हे प्लेटा धुऊन राहिले," असं काकू खालून ऐकवतात. वॉशिंग मशीन अकरा ते दोनमध्येच लावायचं, इस्त्री बारानंतर, हा घरचा नियम. नेट मीटर असल्यावर जास्तीची वीज आपल्या नावावर जमा होते, त्यामुळे त्याची काही गरज नसते. हे काकूंना कळतं आणि काकांना तर कळतंच. पण आपल्या गच्चीवरची वीज आपल्या मशीनऐवजी शेजाऱ्याच्या मिक्सरमध्ये गेली, तर त्यांना जेवण जात नाही.

सूर्याशी त्यांचं एकदा बिनसलं. मे महिन्यात पारा पंचेचाळीसवर गेला तेव्हा काका पंधरा-सोळा युनिटांची वाट पाहत बसले होते. युनिटं वाढायच्या ऐवजी उतरली. पॅनेलला प्रकाश हवा असतो, उष्णता नको असते. पंचवीस अंशांच्या वर तापमान गेलं की दर अंशाला पाव ते अर्धा टक्का उत्पादन घटतं, आणि नागपूरच्या गच्चीवर पॅनेलची काच साठीच्याही वर तापते. काकांनी हे पुस्तकातून शोधून काढलं आणि दोन दिवस उन्हाबद्दल चकार शब्द काढला नाही.

दुसरं भांडण शेजारच्या कडुलिंबाशी. दर पावसाळ्यात "झाडं लावा" म्हणून रोपं वाटणारा हा माणूस. त्या लिंबाखाली त्यांनी स्वतः ओटा बांधून घेतला होता. आता साडेतीन वाजता त्याची एक फांदी कोपऱ्यातल्या पॅनेलवर सावली टाकते, आणि माळेतल्या एका पॅनेलवर सावली आली की बाकीच्यांनाही फटका बसतो. काका गच्चीवरून त्या फांदीकडे ज्या नजरेने पाहतात, ती नजर मी फक्त भावकीच्या जमिनीच्या वादात पाहिली आहे.

पण खरी फजिती झाली ती लाइन गेली तेव्हा. वादळ येऊन गेलं, कुठेतरी तार तुटली, आणि पाठोपाठ लख्ख ऊन पडलं. कॉलनी चार्जर घेऊन काकांच्या दारात. आत काका बनियनवर, हातात पंखा.

"म्हणजे तुमची पण लाइन आमच्यासंगच जाते?"

"जाते ना बाप्पा."

मग त्यांनी समजावून सांगितलं, आणि ते सांगणं मात्र उत्तम होतं. खांबावर लाइनमन चढलेला असतो. तार मेलेली आहे असं धरून तो हात घालतो. त्याच वेळी एखाद्या गच्चीवरून वीज उलटी तारेत गेली तर त्याचा जीव जाईल. म्हणून तारेतली वीज गेली की इन्व्हर्टर आपलाआप बंद पडतो. बॅटरी लावली तर घर चालतं, पण तिचे पैसे वेगळे. लोकांनी ऐकून घेतलं, गच्चीवर चकाकणाऱ्या प्लेटांकडे एकदा पाहिलं आणि चार्जर खिशात घालून निघून गेले.

मार्च महिन्यात या घरात जाऊ नये. आर्थिक वर्ष सरताना जमा राहिलेल्या युनिटांना जो भाव मिळतो तो काकांना अपमानास्पद वाटतो. म्हणून ती युनिटं संपवायची! एसी चालू, गीझर चालू, काकू स्वेटर घालून बसलेल्या.

"आपली वीज दिवसा बँकेत टाकायची, रात्री काढायची," असं काका म्हणतात. दिवसा टाकलेली त्याच मिनिटाला कोणीतरी वापरलेली असते. रात्री एसीत येते ती बहुतेक कोराडीच्या औष्णिक केंद्राची, नाहीतर चंद्रपूरची. देशाचंही तेच आहे. 2025 मध्ये वीजनिर्मितीच्या क्षमतेत कोळसा, वायू वगैरेंना वगळून असलेला हिस्सा निम्म्यावर गेला, 2030 च्या मुदतीच्या पाच वर्षं आधी, आणि ते लहानसहान काम नाही. पण क्षमता म्हणजे प्रत्यक्ष तयार झालेली वीज नव्हे. ती अजून बहुतांश कोळशाचीच आहे. हे मी काकांना सांगायला गेलो तर ते माझ्यावर चिडले नाहीत. चिडतो तो त्यांचा जुना ज्युनिअर. चंद्रपूरहून त्याचा फोन येतो: "साहेब, तुमच्या सोलरपायी दुपारी आमचं युनिट निम्म्यावर आणा म्हणतात, अन् सूर्य बुडाला की भराभर चढवा म्हणतात. बॉयलर काय गॅसची शेगडी आहे का?" त्यावर काका तासभर त्याला नळ्यांचं तापमान, ऑइल सपोर्ट, लोड कसा हळूहळू चढवायचा ते सांगतात. ॲपवर तेव्हा शून्य असतं. इतका सुखी माणूस मी दिवसा गच्चीवरही पाहिलेला नाही.

आमच्याकडे कधी आलात तर काकांना जरूर भेटा, फक्त वेळ जपून निवडा. दुपारी गेलात तर गच्चीवर चढावं लागेल, रात्री गेलात तर बॉयलर ऐकावा लागेल. त्यातल्या त्यात ढगाळ दिवस बरा. त्या दिवशी ते कोणाशीच बोलत नाहीत आणि काकू निवांत चहा करतात.