समर्थांनी एफडीपी केली नव्हती

शिवथरच्या घळीत समर्थ रामदासांनी दासबोध सांगितला आणि कल्याणस्वामींनी तो लिहून घेतला, अशी परंपरा. त्याच ग्रंथातल्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास चक्क लेखनक्रियेवर आहे. अक्षर कसं वळवावं, ओळींत अंतर किती राखावं, बोरू-कागद-शाई कशी जमवावी, पुस्तक कसं बांधावं. परमार्थ सांगणाऱ्या ग्रंथाला बोरू तासण्याचं वावडं नव्हतं. वावडं आहे ते आमच्या प्राध्यापकांना, तेही शेजारच्या सहकाऱ्याला काही विचारण्याचं.

पीएच.डी. झालेल्या माणसानं 'अहो, हे गूगल क्लासरूम उघडायचं कसं?' असं भर स्टाफरूममध्ये विचारायचं? त्यापेक्षा ऑनलाइन एफडीपी, म्हणजे प्राध्यापक विकास कार्यक्रम, बरा. कॅमेरा बंद, माइक बंद, शेवटी फीडबॅकचा फॉर्म भरला की प्रमाणपत्र हजर. ते बढतीच्या फायलीत लागतं. वर्गात मात्र प्रोजेक्टर अडला की हाक जाते तासिका तत्त्वावरच्या मॅडमना. नॅकचं मूल्यांकन जवळ आलं की त्यांचा भाव वधारतो. मूल्यांकन उरकलं, सुट्टी लागली की मॅडम घरी, बिनपगारी.

या बाबतीत जिल्हा परिषदेचे गुरुजी शहाणे. आसपासच्या शाळांच्या केंद्राची शिक्षण परिषद भरते, परिपत्रकांचं वाचन उरकलं की कुणीतरी आपल्या वर्गातला प्रयोग दाखवतो आणि बाकीचे तो उचलतात. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीतल्या अशाच एका गुरुजींनी, रणजितसिंह डिसले यांनी, पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले. पुढे ते राज्यभरच्या पुस्तकांवर आले. 2020 चा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, तेव्हा निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ जणांत वाटून टाकली. आमच्याकडे पीपीटीसुद्धा पासवर्ड लावून ठेवतात.

उच्च शिक्षणात हे होतच नाही, असंही नाही. मुंबईच्या आयआयटीनं प्रा. दीपक फाटक यांच्या पुढाकारानं दहा हजार शिक्षकांच्या प्रशिक्षणाचा प्रकल्प राबवला. व्याख्यान पवईहून, सराव मात्र ठिकठिकाणच्या केंद्रांत, सहकाऱ्यांच्या शेजारी बसून.

शिवथरच्या घळीच्या परिसरातल्या, महाड-पोलादपूरच्या कॉलेजांना पवई गाठायची गरज नाही. तंत्रशास्त्र विद्यापीठ इथं जवळ, लोणेऱ्याला आहे. आणि त्याआधी स्वतःची स्टाफरूम आहे. प्राचार्यांनी वेळापत्रकात आठवड्याचा एक तास राखावा, ज्याला जे येतं ते त्यानं इतरांना दाखवावं. दाखवणाऱ्या मॅडम तासिका तत्त्वावरच्या असतील, तर त्या तासाचं मानधन त्यांना द्यावं. प्रमाणपत्र नाही दिलं तरी चालेल.