अभावी तांदळाचं पीठ

आपल्याकडे बाईला दिवस गेले की तिचं पोट सार्वजनिक होतं. जिन्यात भेटणाऱ्या काकूंपासून भाजीवाल्या मावशींपर्यंत जो तो त्यात काही ना काही घालायला बघतो. ‘दोन जिवांची आहेस, खा गं’ या निकालावर अपील नाही. आणि अशी दोन जिवांची बाई नेमकी सीलिअ‍ॅकची रुग्ण असली, म्हणजे गहू, जव आणि राय या धान्यांतलं ग्लूटेन तिला चालत नसलं, तर घरच्यांना डॉक्टरकीपेक्षा वकिलीच जास्त करावी लागते. माझ्या सुनेला, मधुराला, सातवा लागलाय. सध्या मी तिची वकील आहे. फी म्हणून संध्याकाळचा चहा मिळतो.

रोग तसा सरळ आहे. त्याला गोळी नाही, इंजेक्शन नाही. गहू बंद आणि आयुष्यभर बंद, एवढाच उपचार. ग्लूटेन पोटात गेलं की शरीराची संरक्षणव्यवस्था आपल्याच लहान आतड्याच्या अस्तरावर तुटून पडते. त्या अस्तरावर मखमलीसारखी बारीक लव असते, अन्नातलं सत्त्व शोषून घेणारी. ती झडते. मग वरून कितीही सकस घाला, अंगी लागत नाही. लोह तर लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातच शोषलं जातं आणि पहिला मार बसतो तोही तिथेच. मधुराचं असंच उघडकीला आलं. लग्नानंतर पहिल्याच वर्षी तिचं रक्त कमी निघालं. मी खजूर, बीट, गूळ-शेंगदाणे, लोखंडी कढईतली पालेभाजी असा सगळा फौजफाटा उतरवला, डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, तरी हिमोग्लोबिन जागचं हलेना. शेवटी एका शहाण्या डॉक्टरीणबाईंनी टीटीजी नावाची रक्ताची तपासणी सांगितली, पुढे दुर्बीण घालून आतड्याचा तुकडा तपासला, आणि आमच्या घरातली पोळी निम्म्यावर आली.

इथे जाता जाता एक सांगून ठेवते. संशय आला म्हणून आधी गहू सोडायचा आणि मग तपासणीला जायचं, असं करू नये. गहू बंद असला की रक्तातल्या खुणा पुसट होत जातात आणि अहवाल खोटाच चांगला येतो.

तिने मनापासून पथ्य पाळलं. रक्त वाढलं, वजन वाढलं, आणि यथावकाश गोड बातमी आली. सीलिअ‍ॅक आहे हे ठाऊकच नसलं किंवा पथ्य पाळलं नाही तर गर्भपाताचा, बाळ वजनाने कमी भरण्याचा धोका वाढतो. नीट पथ्य पाळणाऱ्या बाईचं बाळंतपण मात्र बहुतेक वेळा चारचौघींसारखंच होतं. हे डॉक्टरीणबाईंनी सांगितल्यावर मी देवापुढे साखर ठेवली. साखरेत ग्लूटेन नसतं, हे मधुराने लगेच सांगून टाकलं.

खरी पंचाईत लक्षणांची. पोट फुगलंय, गळून गेल्यासारखं वाटतंय, मळमळतंय, कधी पोट साफ होत नाही, कधी उलट. यातलं गर्भाचं कुठलं आणि गव्हाचं कुठलं? शेजारच्या काकूंच्या मते सगळं गर्भाचंच, ‘आम्हाला नाही का झालं?’ माझ्या मुलाच्या मते सगळं गव्हाचंच. तो लगेच काल कुठे काय खाल्लं याची उलटतपासणी सुरू करतो. मधुराने यावर एक वही केली आहे. काय खाल्लं, कुठे खाल्लं, मग काय झालं, सगळं तारीखवार. ती वही दर भेटीत डॉक्टरीणबाईंपुढे जाते, आणि त्यांनी तिचं कौतुक केल्यापासून माझा मुलगा जरा गप्प असतो.

मळमळीवर आपल्या समाजात एकच औषध आहे: कोरडा टोस्ट, खारी नाहीतर बिस्किट. तिन्ही मैद्याची लेकरं. आम्ही उशाशी साळीच्या लाह्या ठेवल्या, राजगिऱ्याच्या वड्या ठेवल्या. काम भागलं. बद्धकोष्ठावर ज्वारीची भाकरी आणि भरपूर पाणी. लोहाच्या गोळ्या सुरूच आहेत. त्या गोळ्या कसल्या स्टार्चमध्ये बांधल्यात हेसुद्धा मधुराने औषधाच्या दुकानात विचारून घेतलं. दुकानदार आधी दचकला, मग त्याने कंपनीला फोन लावला. एरवी पथ्याचं जेवण शोधायला आम्हाला घराबाहेर जावंच लागलं नाही. माझ्या सासूबाईंच्या रांधपात होतं तेच सगळं: भाकरी, घावन, आंबोळी, वरीचे तांदूळ, उकडीचे मोदक. गव्हाची पोळी ताटात येणं ही त्यांच्या लहानपणी सणावाराची चैन होती. आज ग्लूटेनमुक्त म्हणून चकचकीत पाकिटात दामदुप्पट विकतात, ते पुष्कळसं आमच्याकडे एकादशीला फुकट मिळायचं.

शत्रू मात्र भलतीकडेच लपलेला असतो. हिंगाच्या डबीवरची बारीक अक्षरं मी भिंग लावून वाचली, तर त्यात गव्हाचं पीठ. बांधानी हिंग पुष्कळदा असाच असतो. म्हणजे चिमूटभर फोडणीतून वरणभातही बाटलेला! थालीपिठाच्या भाजणीत गहू, डिंकाच्या लाडवात कुणी कणीक भाजून घालतं, आणि सातूच्या पिठात तर गहू असायचाच. गिरणीची गोष्ट याहून मजेशीर. ‘ज्वारीवरच ज्वारी दळा’ असं आपण पूर्वापार सांगत आलो ते भाकरी नीट थापली जावी म्हणून. मीही तेच सांगायला लागले तेव्हा गिरणीवाला म्हणाला, “काकू, सकाळी पहिलं दळण गव्हाचंच असतं, जात्यात थोडं राहणारच.” माणूस प्रामाणिक. घरघंटी घेतली आणि ती फक्त मधुराच्या धान्याला राखून ठेवली. सोवळं म्हणतात ते हेच असावं. ग्लूटेनमुक्त म्हणवून घ्यायला आपल्या अन्नसुरक्षा नियमांत मर्यादा आहे किलोमागे 20 मिलीग्रॅमची. म्हणून ‘एवढ्याशाने काय होतंय?’ हे वाक्य आमच्या घरात आता शिवी मानलं जातं.

हे वाक्य सर्वात गोड बोलतात आमच्या थोरल्या जाऊबाई. त्यांच्याकडे सत्यनारायण होता. रव्याचा शिरा समोर आला आणि मधुराने हात जोडले. जाऊबाईंचा चेहरा पडला. प्रसाद टाकलेल्या कलावतीच्या नवऱ्याची नाव बुडाली, ही कथा नुकतीच तर वाचून झाली होती! मी गुरुजींकडे पाहिलं. म्हटलं, गुरुजी, पोथीत प्रसादाचं काय लिहिलंय ते जरा सांगता का? त्यांनी पान उलटलं. केळी, तूप, दूध, गव्हाचं पीठ. आणि गहू नसेल तर अभावी तांदळाचं पीठ. म्हणजे सोय पोथीतच होती, आपणच रव्याला चिकटून बसलो होतो. मधुराने तीर्थ आणि केळं घेतलं. माझ्या मुलाची नाव अजून व्यवस्थित तरंगते आहे.

या अभावावरून विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञाची गोष्ट आठवते. मुलांच्या या पोटदुखण्याचं मूळ गव्हात असावं, असा संशय त्याला महायुद्धाआधीच होता. 1944-45च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये भीषण उपासमार झाली, पाव मिळेनासा झाला, माणसं भुकेने मेली. डिकेची आजारी मुलं मात्र सुधारली, आणि पाव परत आल्यावर पुन्हा बिघडली. 1950मध्ये त्याने यावर प्रबंध लिहिला. त्याआधी, 1924पासून, अमेरिकेतले डॉक्टर सिडनी हास अशा मुलांना केळ्यांवर ठेवत. मुलं बरी होत. सगळे म्हणत, केळ्यांचा गुण! गुण होता पाव न खाण्याचा. मी हे जाऊबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, “बघ, शेवटी केळंच.”

जगात साधारण शंभरात एकाला हा आजार असतो. आईला असला तर बाळालाही होण्याचा संभव दहात एक, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. बाळ मोठं झाल्यावर तपासून घेऊ. उष्टावण तर आपल्याकडे तांदळाच्या खिरीनेच होतं.

आता डोहाळेजेवण आलंय. विहीणबाईंनी चाचरत विचारलं, ओटी गव्हाने भरायची की तांदळाने? मी म्हटलं, खुशाल गव्हाने भरा, पदराला ग्लूटेन चढत नाही. नंतर हात तेवढे धुवायचे. वाट्यांखाली झाकायचे पेढा-बर्फी घरीच केले आहेत. बाकी येणाऱ्या सगळ्यांना एकच विनंती. कौतुकाने डबा आणू नका. आणायचाच असला तर आधी फोन करून त्यात काय काय घातलंय ते सांगा, हिंगासकट.