नितळकाका

आमच्या गल्लीत आलेल्या पाहुण्याची एक तोंडी परीक्षा होते. नवा भाडेकरू असो, गॅसचा सिलिंडर आणणारा पोऱ्या असो, नाही तर मुलगी बघायला आलेली मंडळी असोत, नितळकाका त्याला मागच्या अंगणात नेतात, तळ्याच्या काठाशी उभं करतात आणि विचारतात, "सांगा बघू, खोली किती?"

पाहुणा वाकतो. तळाशी एक रुपयाचं नाणं पडलेलं असतं. चष्मा असेल तर त्यावरचं साल वाचता येतं. पाहुणा म्हणतो, "असेल फूटभर."

"अडीच!" काका खूश. मग ते गप्प उभे राहतात, कारण आता पाहुण्याने दुसरा प्रश्न विचारायचा असतो. तो विचारतो, "इतकं स्वच्छ कसं हो राहतं?"

"काही नाही. निसर्ग." एवढं बोलून काका आकाशाकडे बघतात आणि लगेच डोळ्याच्या कोपऱ्यातून तुळशीवृंदावनाकडे. काकांचं सगळं दुखणं त्या तिरक्या नजरेत आहे. फिल्टर कुणाला दिसता कामा नये, आणि तो आहे हे मात्र प्रत्येकाला कळलं पाहिजे.

सातपूरच्या कारखान्यातून निवृत्त झालेल्या माणसाला नाशकात ठरलेल्या वाटा असतात. गोदाकाठची पहाटेची फेरी, दिंडोरीकडे घेतलेली दोन एकरांची द्राक्षबाग, सोसायटीचं सचिवपद. काकांनी चौथी काढली. गंगापूर रोडच्या बंगल्यामागे जिथे काकूंना झोपाळा हवा होता, तिथे आठ बाय सहाचा खड्डा खणला. अडीच फूट खोल, म्हणजे तीन हजार चारशे लिटर पाणी. गल्लीतल्या पोरांना हा आकडा पाढ्यासारखा पाठ आहे.

पहिल्याच उन्हाळ्यात त्या पाण्याची पालकाची भाजी झाली. हौसेने कोई जातीचे मासे आणले होते, पण 'कोई है?' म्हणून हाक मारली तरी एक दिसेना. आत मासे आहेत, हे काकूंना शपथेवर सांगावं लागे. सल्ले तर घरपोच आले. कुणी म्हणालं तुरटी फिरवा. माझ्या आईने निवळीचं बी सांगितलं. तिच्या माहेरी ते घागरीच्या आतून घासत आणि तासाभरात गाळ खाली बसे. काका चिडले. "वहिनी, तो गाळ बसवणं झालं. मला घाण नाहीशी करायचीय. आणि ती कुठे गेली ते कुणाला दिसता कामा नये!"

आता हे अगदीच आगंतुक वेड म्हणता यायचं नाही. जमिनीखाली पाणी लपवायची नाशिककरांना पेशवाईपासून सवय आहे. जुन्या नाशकातल्या रहाडी वर्षभर चौकांच्या पोटात बुजलेल्या असतात, वरून माणसं भाजीच्या पिशव्या घेऊन जातात, आणि रंगपंचमीला त्या उघडल्या की रंगीत पाण्यात अख्खं गाव उड्या टाकतं. काकांचं लहानपण तिवंध्यातलं, त्यांनीही टाकल्यात. आता मात्र रंगपंचमीला ते तळ्यावर ताडपत्री बांधतात आणि काठी घेऊन शेजारी बसतात.

तर फिल्टर. अंबडच्या भंगारवाल्याकडून दोनशे लिटरचं निळं पिंप आणलं. त्यात खाली खडी, तिच्यावर कौलांचे तुकडे, मग प्लास्टिकच्या घासण्या आणि सगळ्यात वर स्पंज. भांडी घासायच्या घासण्या, तब्बल साठ. रविवार कारंज्याजवळच्या दुकानदाराने विचारलं, "काका, मिसळीचं हॉटेल टाकताय का?" पंप तळ्याच्या तळाशी, पाइप शहाबादी फरशीखालून, आणि पिंप नव्याने बांधलेल्या तुळशीवृंदावनाच्या पोटात. पिंपावर कुंडी, कुंडीत तुळस. पाणी वरून शिरतं, गाळत गाळत उतरतं आणि काळ्या दगडावरून वीतभर धबधबा होऊन तळ्यात पडतं. दर दोन तासांनी सगळं तळं तुळशीच्या पोटातून एकदा फिरून येतं. छातीइतकं उंच वृंदावन बघून पाहुण्यांना वाटतं, घर फार धार्मिक आहे.

घासण्या कशाला, असं मी एकदा विचारलं. ती चूक मला पाऊण तासाला पडली.

"तीन पाळ्या चालतात," काका म्हणाले. "पहिलीला नायट्रोसोमोनास. माशांच्या घाणीतला अमोनिया उचलायचा आणि नायट्राइट करून पुढे द्यायचं. दुसऱ्या पाळीचे जिवाणू वेगळे; ते त्याचं नायट्रेट करतात. तिसरी पाळी वाळ्याची आणि कमळाची, ते नायट्रेट खाऊन टाकतात. शेवाळाला खायला उरलं काय? चौतीस वर्षं सुपरवायझर होतो मी, असे कामगार पाहिले नाहीत. चहा नाही, ओव्हरटाइम नाही, संप नाही. राहायला फक्त जागा द्यायची. घासणीच्या वेटोळ्यात जागाच जागा!"

भरतीला पाच-सहा आठवडे लागले, कारण जिवाणू वाढायलाच तेवढा वेळ घेतात. आणि सगळ्या पाळ्या रुजू झाल्यावर एका दुपारी, काका बँकेत गेलेले असताना, काकूंनी केवळ मायेपोटी साठही घासण्या नळाखाली साबणाने लख्ख धुऊन उन्हात वाळत घातल्या. एका दुपारीत अख्खी फॅक्टरी बंद. काका दोन दिवस जेवले नाहीत असं म्हणतात. मी पाहिलं तेव्हा ते जेवत होते, पण बोलत नव्हते.

या कामगारांची एकच मागणी आहे, प्राणवायू. वीज जाऊन पाणी तुंबलं की ते गुदमरतात. म्हणून काकांच्या घरात इन्व्हर्टर पंपाला जोडलेला आहे. मे महिन्यात वीज गेली की काकू पुठ्ठ्याने वारा घेत ओसरीत बसतात आणि मागे धबधबा खळाळत असतो. "मासे सुखात आहेत ना?" एवढंच त्या विचारतात. त्या विचारण्यात धार असते, पण काका तिला आस्था समजतात.

वृंदावनाचा दुसरा घोटाळा असा, की ते गुणगुणतं. पाणी पाइपातून चढताना बारीक, अखंड आवाज येतो. काकूंची त्र्यंबकची मावशी दिवेलागणीला कान लावून बसली आणि डोळे पुसत आत आली. म्हणाली, "तुळस जप करतेय गं." पुढच्या एकादशीला शेजारपाजारच्या चार बायका आल्या. काकांना खरं सांगवेना आणि गप्पही बसवेना. शेवटी ते एवढंच म्हणाले, "ताशी दोन हजार." बायकांना वाटलं, जप. त्यांनी आणखी वाकून नमस्कार केला.

पावसाळ्यात काकांचं तळं आणि गोदावरी यांच्यात स्पर्धा लागते. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की नाशिककर पुराची उंची दुतोंड्या मारुतीवर मोजतात: गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला आलं. काकांनी तळ्याकाठी चिनी मातीचा एक बेडूक बसवलाय. जुलैत आमच्या फोनवर बातम्या येतात, "बेडकाच्या पोटाला पाणी. काळजीचं कारण नाही." नदी चहासारखी वाहत असते तेव्हा काका मुद्दाम रामकुंडावर जाऊन येतात आणि घरी येऊन आपलं नाणं बघतात.

महापालिकेच्या मलेरिया विभागाच्या ताई अळ्या शोधायला येतात, तेव्हा गल्लीतले बाकीचे लोक कूलर लपवतात. काका त्यांची वाट बघतात. विजेरी घेऊन पाण्याकडे इतकं मन लावून बघणारं माणूस त्यांना दुसरं भेटलेलं नाही. ताईंनी विचारलं, "पाणी वाहतं आहे का? गप्पी मासे सोडलेत?" काकांचा गळा दाटून आला. एवढा नेमका प्रश्न आजवर कुणी केलाच नव्हता.

गेल्या अनंत चतुर्दशीला मात्र देवच आडवा आला. आमच्याकडे 'देव द्या, देवपण घ्या' म्हणून मूर्ती दान घेण्याची मोहीम चालते, नदी वाचते. पण गल्लीतल्या मंडळींना नवी कल्पना सुचली: काकांचं तळं आहेच, गणपती शाडूचे आहेत, इथेच विसर्जन करू. पर्यावरणावर वर्षभर बोलणाऱ्या माणसाला नाही म्हणता येईना. पण शाडू म्हणजे पिठाहून बारीक माती, फिल्टरचा जीव घेणारी. एकाची मूर्ती प्लास्टरची निघाली. तो म्हणाला, महापालिका मूर्ती विरघळवायला अमोनियम बायकार्बोनेट देते, तेच टाकू की. 'अमोनियम' ऐकून काका पांढरे पडले. त्याला हाकललं.

आरती झाली. पहिला मान काकांच्या गणपतीचा. गणपती पाटावर, पाट काकूंच्या हातात, टाळ थांबलेले. आणि काका ओरडले, "थांबा! आधी पंप बंद केला पाहिजे!"

पंपाचं बटण वृंदावनाच्या मागे, कडाप्प्याच्या फळीआड. आता तीस माणसांदेखत ती फळी काढावी लागणार होती. काकांनी ती काढली. आत निळं पिंप दिसताच पोरं "अरेच्चा!" म्हणाली, कुणीतरी मोबाइलचा उजेड पाडला, आणि काकांच्या चेहऱ्यावर जे पसरलं ते मी त्यांच्या मुलाच्या लग्नातही पाहिलं नव्हतं. "ही पहिली पाळी," त्यांनी सुरुवात केली.

नायट्रेटपर्यंत येता येता निरांजन विझलं. पोरांनी दोनदा 'मोरया' करून पाहिलं, काकांनी हाताने थोपवलं. तेवढ्यात काकूंनी मला खूण केली. स्वयंपाकघराच्या दारात आम्ही दोघांनी नवी बादली भरली, तिघांनी मिळून पुनरागमनायच म्हटलं (तिसरी त्र्यंबकची मावशी), आणि गणपती बादलीत शांतपणे विरघळले. बाकीच्यांनीही आपापल्या घरी बादल्याच काढल्या. तळ्यात एक कणही पडला नाही. काका रात्रभर आनंदात होते.

पहाटे काकूंनी, पाणी पायदळी जाऊ नये म्हणून, ती बादली तुळशीत रिकामी केली. कुंडीच्या बुडाला भोक असतंच.

सातला काका माझ्या दारात. चेहरा उतरलेला. "नाणं दिसत नाहीये," ते म्हणाले. मी गेलो. तळ्यात अमृततुल्यचा चहा. पंप चालू, धबधबा दुधाळ. काकू ओसरीत तांदूळ निवडत होत्या. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा सुपात मान घातली. काकांनी पाइप चाचपला, फरशीला कान लावला, बेडूक उचलून त्याच्याखाली बघितलं. मग कमरेवर हात ठेवून म्हणाले, "कुठेतरी पाणी मुरतंय."