भुतांना साडेबारा टक्के

ऐकलंत का? आमच्या नेरुळमध्ये हल्ली रात्री अकरानंतर कचऱ्याचा डबा घेऊन कोणी खाली उतरत नाही म्हणे. भीती कुत्र्यांची नाही, वॉचमनची तर नाहीच नाही. भीती कोणाची, तर भयकथाकार नारायण धारपांची! घ्या, आता हेच बघायचं राहिलं होतं.

अहो, सिडकोनं ९५ गावांच्या जमिनीवर हे नवी मुंबई शहर आखलं ते काय यासाठी? नोड आखले, सेक्टर पाडले, खाडीवरून रेल्वे आणली. भुतांसाठी मात्र एक प्लॉट राखून ठेवला नाही. इथे ना वाडा, ना तळघर, ना परसातली पडकी विहीर. माळा आहे म्हणायला, पण त्यावर गणपतीचं मखर आणि चाक तुटलेली बॅग. बिचाऱ्या भुतानं बसायचं कुठं? ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांना निदान साडेबारा टक्के भूखंड कबूल तरी झाले. भुतांना काय मिळालं? पाम बीच रोडवर पांढऱ्या साडीत ताटकळणं, तेही गाड्या भन्नाट सुटलेल्या असताना. बघतंय कोण?

आता मात्र धारपांनी त्यांना घरोघरी ताबा मिळवून दिलाय.

आग लावली ती 'तुंबाड' या सिनेमानं. २०१८ साली आला तेव्हा आपण फिरकलो नाही. २०२४च्या सप्टेंबरात पुन्हा लागला, तर पहिल्या खेपेपेक्षा दुसऱ्या खेपेचा गल्ला मोठा! मग कोणीतरी पुडी सोडली, की त्यातल्या त्या साखळदंडातल्या म्हातारीचं मूळ धारपांच्या 'आजी' या कथेत आहे. पुडी खरी निघाली. झालं! त्यात २०२५ हे धारपांच्या जन्मशताब्दीचं वर्ष. शंभरावर पुस्तकं लिहून हा माणूस २००८ साली गेला, तेव्हा आपल्यापैकी कितीजण हळहळले होते? आणि आता? प्रत नवी कोरी आहे की जुन्या लायब्ररीचा शिक्का मारलेली, यावर माणसाची पत ठरते. शिक्केवाल्याला मान जास्त. पानावर चहाचा डाग असेल तर मग विचारूच नका.

आमच्या मजल्यावरच्या काकूंचंच बघा. तीस वर्षं बँकेत कॅशवर काढलेली बाई. नोट दोनदा उजेडात धरल्याशिवाय खरी मानत नाही. सून टीपॉयवर धारपांच्या 'समर्थ'च्या कथा विसरून गेली आणि काकू हातच्या गेल्या. कुणाच्या तरी घरात अमानवी काही शिरावं, समर्थांनी त्याच्याशी दोन हात करावेत आणि अप्पा जोशींनी ते आपल्याला सांगावं, एवढंच काय ते. पण काकू सोसायटीच्या जनरल बॉडीत उभ्या राहून म्हणाल्या, "लिफ्ट चौथ्या मजल्यावर आपोआप थांबते. ते काम मेंटेनन्सवाल्याच्या हातचं नाही." यावर हसावं की नाही माणसानं? सेक्रेटरींनी मान हलवून मिनिट्समध्ये चक्क लिहून घेतलं!

त्यांच्या पुतण्यानं एकदा बंड करून पाहिलं. धारपांची 'लुचाई' म्हणजे स्टीफन किंगचं 'सेलम्स लॉट' आणि 'आजी'ही मुळात त्याचीच, असं त्यानं भर जेवणात जाहीर केलं. "ढापलंय सगळं!" काकूंनी चष्मा काढून ताटाशेजारी ठेवला. "तुझ्या त्या किंगला दिवेलागण माहीत आहे का रे? आमच्याकडे भीती तिथून सुरू होते." पोरगा गप्प. हल्ली तोही 'लुचाई' वाचतो. पांघरुणात, मोबाइलच्या उजेडात. तुलनेसाठी, म्हणे.

धारपांची खरी लबाडी वेगळीच आहे हो. त्यांच्या गोष्टीत सापडतो तो कोणी बावळट नव्हे; शिकलासवरलेला, पगारदार, 'असलं काही नसतं' म्हणणारा. म्हणजे आपणच की! शिवाय आवाज चढवायचा नाही, किंकाळ्या फोडायच्या नाहीत. बिऱ्हाड, नोकरी, पाहुणे यांचं साधंसुधं सांगता सांगता कधी दार किलकिलं झालं ते कळतच नाही. मग आपण उठून गॅस बंद आहे का बघायला जातो. तिसऱ्यांदा.

तुम्ही नाही ना त्यातले? नसालच. मीही नाही. परवा संध्याकाळी हार्बर लोकलमध्ये शेजारच्या बाईंच्या हातात वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं पुस्तक होतं. खाडीपुलावर डब्यात वारा भणाणत होता, तरी बाईंनी मान वर केली नाही. वाशी गेलं, जुईनगर गेलं. नेरुळ आलं आणि गेलं. सीवूड्सही गेलं. बेलापूरला दचकून आम्ही दोघी एकदमच उतरलो.

परतीच्या गाडीची वाट बघत फलाटावर उभ्या होतो, तेव्हा बाईंनी पुस्तक उघडून मध्ये धरलं.

"तुमचं झालं का हे पान? उलटू?"