पहिलटकरीण

पनवेलहून सकाळी सीएसएमटीला जाणाऱ्या लोकलमध्ये, बायकांच्या डब्यात, खिडकीशी एक बाई बसलेली असते. दोन्ही अंगठ्यांनी मोबाइलवर ती इतक्या त्वेषाने काही लिहीत असते, की शेजारणीला वाटतं, घरून भांडून निघालेली दिसते. भांडण झालेलं असतंच, पण ते ईशान आणि रेवाचं. खांदेश्वर येईपर्यंत ईशानने रेवाला "तू मला कधी ओळखलंच नाहीस" असं सुनावलेलं असतं. नेरूळला रेवा पावसात भिजते. वाशीची खाडी ओलांडून गाडी मानखुर्दला लागते, तोवर ईशानचा हात तिच्या खांद्यापर्यंत पोचतो. कुर्ल्याला डब्यात अशी गर्दी उसळते की कुणालाच कुठलाही हात हलवता येत नाही. प्रेमप्रसंग तिथे तहकूब होतो आणि संध्याकाळच्या गाडीत पुढे सुरू होतो. मात्र परतीला बसायला मिळेल याची खात्री नसल्याने संध्याकाळची प्रकरणं जरा विरहाची असतात.

पनवेल हे हार्बरचं शेवटचं स्टेशन. गाडी इथूनच सुटते, बसायला मिळतं आणि पुढचा सव्वा तास कुणी "चहा टाक" म्हणत नाही. प्रेमकादंबरीला याहून जास्त काय लागतं?

या बाईचं वय पस्तीस ते पन्नास यांच्यात कुठेही असू शकतं. नोकरी बँकेत, विमा कचेरीत किंवा शाळेत. लग्न रीतसर पत्रिका बघून झालेलं. नवरा सज्जन, म्हणजे ती काय लिहिते हे त्याने कधी विचारलेलं नाही. प्रेमाचं शिक्षण मात्र लग्नाच्या कितीतरी आधी, मावशीच्या सर्क्युलेटिंग लायब्ररीतून आलेल्या, खाकी कव्हर घातलेल्या कादंबऱ्यांतून पुरं झालेलं. त्यांत शैलजा राजे होत्या, योगिनी जोगळेकर होत्या, सुमती क्षेत्रमाडे आणि कुसुम अभ्यंकर होत्या. या शेवटच्या दोघी व्यवसायाने डॉक्टर, आणि कुसुमताई तर रत्नागिरीच्या आमदारही. कोल्हापूरचे बाबा कदम सरकारी वकील. मराठी माणसाच्या हृदयाची जबाबदारी अशी बराच काळ डॉक्टर आणि वकिलांकडे होती, हे एकूण आपल्या सावध स्वभावाला धरूनच झालं म्हणायचं.

ईशान-रेवाचा जन्म प्रतिलिपीवर झाला. २०१४ साली बंगळुरूत सुरू झालेल्या या अॅपने पनवेल, परभणी आणि पलूसच्या स्वयंपाकघरांतून किती नायिका बाहेर काढल्या, याचा हिशेब कुणीतरी ठेवायला हवा. तिथे कादंबरी भागाभागाने येते. भाग टाकला की तासाभरात वाचक हजर: "पुढचा भाग कधी?", "ईशानला एवढा राग शोभत नाही ताई", "माझं बाळ झोपलंय तोवर टाका ना". मौजेला किंवा सत्यकथेला असा प्रतिसाद कधी मिळाला असेल असं वाटत नाही.

पण साठाव्या भागानंतर बाईला एक नवंच दुखणं लागतं. पुस्तक हवं. पाठीवर नाव असलेलं, के. गो. लिमये वाचनालयाच्या कपाटात उभं राहणारं, हळदीकुंकवाला आलेल्या जावेच्या सहज नजरेस पडेल असं.

इथून खरी कादंबरी सुरू होते, आणि तिच्यात प्रेम फारसं नाही.

बाड घेऊन बाई आधी गिरगावात जाते, मग शनिवार धरून पुण्याला. प्रकाशक सगळे सभ्य. एकजण म्हणतो, सध्या आम्ही अनुवाद करतो. दुसरा म्हणतो, चरित्र असेल तर बघू. तिसरा बाड चाळतो आणि विचारतो, "यात सामाजिक काय आहे?" बाई गडबडून सांगते की रेवाची मोलकरीण फार सोसते. प्रकाशकाचा चेहरा उजळतो. "मग तिला वाढवा की!"

प्रेमकथेने घराबाहेर पडताना अंगावर काहीतरी घेऊनच जावं, ही आपल्याकडची जुनी रीत. लक्ष्मणशास्त्री हळब्यांची 'मुक्तामाला' १८६१ची आणि रिसबुडांची 'मंजुघोषा' १८६८ची. दोन्ही अद्भुताची शाल पांघरून आल्या, म्हणून त्यांच्यातलं प्रेम चालून गेलं. ना. सी. फडक्यांचं नाव मराठीत प्रणयाशी कायमचं जोडलं गेलं, पण त्यांची १९१७ची पहिली कादंबरी मात्र 'अल्ला हो अकबर', आणि तीही मेरी कोरेलीच्या इंग्रजी कादंबरीवर बेतलेली. पहिल्या खेपेला उसनवारी सगळ्यांनाच करावी लागते. चंद्रकांत काकोडकरांनी शाल घेतली नाही, तर त्यांना कोर्ट बघावं लागलं. 'रंभा'च्या १९६२च्या दिवाळी अंकातल्या 'श्यामा'वर अश्लीलतेचा खटला झाला. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९६९ साली काकोडकर निर्दोष ठरले. त्याच वर्षी त्यांच्या 'नीलांबरी'वरून निघालेला 'दो रास्ते' थिएटरात गर्दी खेचत होता. लोकांनी पडद्यावर नायक-नायिकेला डोळे भरून पाहिलं आणि घरी येऊन काकोडकरांचं पुस्तक गादीखाली सरकवलं. वाचायचं सगळ्यांनी, कबूल कुणी करायचं नाही. मराठी प्रेमकादंबरी या कराराच्या आधारावर शंभर वर्षं नांदली आहे.

बाईही करारावर सही करते. राज्याच्या साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखकांसाठी अनुदान योजना आहे, तिचा अर्ज ती घरी आणते, पण कादंबरीचा आशय थोडक्यात लिहायची वेळ आली की पेन अडतं. शेवटी 'लेखकाच्या सहभागातून' पुस्तक काढणारा एक प्रकाशक भेटतो. सहभाग म्हणजे पैसे बाईचे आणि बोधचिन्ह त्याचं. प्रती तीनशे, त्यातल्या निम्म्या तिनेच सवलतीत घ्यायच्या. भिशीचा नंबर नेमका त्याच महिन्यात लागतो, याला ती नियती म्हणते.

प्रस्तावनेसाठी निवृत्त प्राध्यापक गाठले जातात. सरांना कादंबरीत 'मध्यमवर्गीय स्त्रीच्या अस्तित्वशोधाचा आलेख' सापडतो. फक्त अकराव्या प्रकरणातली अडीच पानं त्यांना 'आशयाला बाधक' वाटतात. ती जातात आणि तिथे 'ईशानने दिवा मालवला' एवढं एक वाक्य उरतं. मुखपृष्ठावर पाठमोरी बाई, समोर समुद्र. मराठी नायिका मुखपृष्ठावर वाचकाकडे तोंड करून का उभी राहत नाही, हे एकदा प्रकाशकांना विचारलं पाहिजे. मलपृष्ठावर प्रेम हा शब्द औषधालाही नाही.

प्रकाशन समारंभ फडके नाट्यगृहात व्हावा, अशी बाईची फार इच्छा. अर्थात हे फडके ते नव्हेत. हे वासुदेव बळवंत, पनवेलजवळच्या शिरढोणचे, १८४५ साली जन्मलेले, इंग्रजांविरुद्ध शस्त्र उचललेले. दुसरे फडके गावात असते तरी त्यांच्या नावाचं नाट्यगृह झालं असतं का, याबद्दल शंकाच आहे. पण नाट्यगृहाचं भाडं आणि सोसायटीतले पाहुणे यांचं गणित जुळत नाही, आणि कार्यक्रम वाचनालयाच्या सभागृहात होतो. शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ. प्रमुख पाहुणे पुस्तक 'नुकतंच हाती आल्याचं' सांगतात आणि वाचनसंस्कृतीच्या ऱ्हासावर पाऊण तास बोलतात. नवरा मागच्या रांगेत बटाटेवडे मोजत असतो.

दुसऱ्या दिवसापासून समीक्षा सुरू. तळमजल्याच्या काकू ईशान म्हणजे बाईच्या ऑफिसातला कोण, याचा तपास लावायला घेतात. जाऊ म्हणते, "छान आहे, निवांत वाचीन," आणि पैसे देत नाही. नवरा कधी नव्हे ते पुस्तक उघडतो, तिसऱ्या पानावर थांबतो आणि विचारतो, "याला कर्नाळ्याला जायला बुलेट कशाला? एसटी जाते की."

सासूबाई मात्र दोन दुपारींत पुस्तक संपवतात. चष्मा पुसत स्वयंपाकघरात येतात, सून एकटी आहे याची खात्री करून घेतात.

"अगं, अकराव्या प्रकरणात दिवा का मालवलास?"

"सरांनी सांगितलं, आई."

"सरांना काय कळतंय! काकोडकर नाही हो असे दिवे मालवत."