पहिल्या पानाचा हमीदार

पहिल्या पानाचा हमीदार खोटं बोलत नाही, हे आधी मान्य करून टाकू. नाहीतर त्याच्यावर अन्याय होईल आणि लिहिण्यातली गंमतही जाईल. "शेठ, गूगलवर पहिल्या पानावर आणून देतो," असं तो म्हणतो आणि तीन महिन्यांत खरोखर आणून दाखवतो. कार्डावरच्या पत्त्यानुसार तो जालन्यात एखाद्या झेरॉक्सच्या दुकानावरच्या माडीवर बसतो; प्रत्यक्षात तो सदैव कुणाच्या तरी काउंटरपुढे उभा सापडतो. पाठीवर लॅपटॉपची बॅग, जवळ दोन मोबाइल, त्यातला एक कायम चार्जिंगला लावलेला, आणि तोही गिऱ्हाइकाच्या सॉकेटला. कार्डावर वेबसाइट, लोगो, एसईओ, बल्क एसएमएस, ड्रोन शूटिंग आणि लग्नाचं लाइव्ह असे सहा धंदे छापलेले. निवडणूक आली की सातवा पेनानं लिहिलेला. त्याचं बोलणं बहुतेक भविष्यकाळात चालतं. "होऊन जाईल", "चढेल हळूहळू", "पुढच्या महिन्यात बघालच तुम्ही." गूगल त्याला कितपत कळतं हा प्रश्नच आहे, पण मालकाचं मन त्याला पुरतं कळतं. वेबसाइट दिसावी म्हणून तो पैसे घेतो आणि ती दिसतेही. दिसते फक्त ज्याची त्याला.

पुरावा त्याच्या प्रात्यक्षिकातच मिळतो. तीन महिने भरले की तो नव्या मोंढ्यातल्या कृषी सेवा केंद्रात येतो, मालकाचाच मोबाइल मागून घेतो आणि गूगलवर टाइप करतो: 'जालना नवा मोंढा येथील खात्रीशीर सोयाबीन बियाणे व कीटकनाशकांचे विश्वासू विक्रेते'. पहिलंच नाव मालकाचं! मालक चष्मा वरखाली करून पाहतो, गल्ल्यावरच्या पोराला दाखवतो, स्क्रीनशॉट भावकीच्या ग्रुपवर जातो आणि उरलेल्या रकमेचा चेक तिथल्या तिथे फाटतो. यात हातचलाखी अशी नाहीच. ते वाक्य हमीदारानंच मालकाच्या वेबसाइटवर ठळक अक्षरांत घातलेलं असतं आणि जगातल्या दुसऱ्या कुठल्याच पानावर ते नसतं, त्यामुळे निवडणूक बिनविरोध होते. शिवाय फोन मालकाचा, जागा मालकाची, आणि रोज सकाळी स्वतःची वेबसाइट उघडून पाहण्याची सवयही मालकाचीच. उत्तर देताना गूगल शोधणाऱ्याचं ठिकाण आणि त्याचे आधीचे शोध लक्षात घेऊ शकतं. अडचण एवढीच, की परतूरचा किंवा घनसावंगीचा शेतकरी असं वाक्य कधी टाइप करत नाही. तो 'सोयाबीन पिवळं पडलं, काय फवारावं' असं विचारतो, तेही बहुधा बोलून, आणि त्याच्यापुढे कृषी विद्यापीठाचं पान, कुठली तरी पुण्याची कंपनी आणि चार यूट्यूबवाले येऊन उभे राहतात. सळईवाल्यांचंही तेच. रोलिंग मिलचा मालक 'मराठवाड्यातील अग्रगण्य टीएमटी बार उत्पादक' म्हणून पहिला येतो आणि बांधकामवाला शोधत असतो 'आजचा सळईचा भाव'. तो भाव वेबसाइटवर नसतो, कारण शेजारच्या मिलवाल्यानं बघितला तर, ही मालकाची भीती.

आता हमीचं बघू. पहिल्या क्रमांकाची हमी कुणीही देऊ शकत नाही आणि आमच्याशी खास संबंध असल्याचं सांगणाऱ्यांपासून सावध राहा, असं गूगलनं आपल्या सूचनांत स्वच्छ लिहून ठेवलंय. हमीदाराला हे ठाऊक असावं, कारण संबंध सांगताना तो आवाज खाली आणतो: "हैदराबादच्या हापिसात आपला माणूस आहे." (१९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात काढल्यामुळे, हैदराबादेत आपला माणूस असला की काम होतं, ही समजूत मराठवाड्यातून अजून पुरती गेलेली नाही.) गूगलचे संस्थापक लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी १९९८ मध्ये मांडलेली मूळ कल्पना साधी होती. एका पानानं दुसऱ्या पानाचा दुवा दिला, तर ती शिफारस धरायची. शिफारस करणारा वजनदार असेल तर ती जास्त मोलाची. शिफारशीला मोल आलं की ती विकत मिळू लागते, हे आपल्याकडे समजावून सांगायला नको. हमीदार शेकड्यानं दुवे आणतो. ते अशा साइटवर असतात, जिथे पोलंडमधल्या दंतवैद्याच्या खाली आणि ऑनलाइन रमीच्या वर भोकरदनचं ट्रॅक्टर शोरूम नांदत असतं. गूगलनं २०११ च्या 'पांडा' बदलात पोकळ मजकुराची पानं खाली ढकलली आणि २०१२ च्या 'पेंग्विन'मध्ये असले दुवे पकडले. पानाच्या पोटात दडवलेली शोधशब्दांची यादी क्रम लावताना आपण बघतच नाही, हे तर २००९ मध्येच जाहीर केलं. हमीदार ती यादी आजही इमानेइतबारे भरतो आणि बिलात तिची वेगळी ओळ असते. वेबसाइट घसरली, की म्हणतो, "गूगलनं अपडेट मारला."

हे दुसऱ्या गावात खपलं असतं तर नवल नव्हतं. जालन्यात खपतं, यात खरी मौज. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये इथे महिको ही बियाण्यांची कंपनी उभी केली, आणि ज्या १९९८ साली कॅलिफोर्नियात गूगल कंपनी नोंदली गेली, त्याच साली बारवाल्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. या गावाला हमीचा अर्थ कुणी शिकवावा? बियाण्याच्या पिशवीवर लेबल असतं; त्यावर उगवणशक्ती, शुद्धता, लॉट नंबर, चाचणीची तारीख. सोयाबीन निदान ७० टक्के उगवलं पाहिजे. एवढ्यावरही शेतकरी विसंबत नाही. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळींत शंभर दाणे मांडतो, वर दुसरं गोणपाट घालून गुंडाळी सावलीत ठेवतो, पाणी शिंपडत राहतो आणि आठवड्याच्या आत उलगडून कोंब मोजतो. वेबसाइटसाठीही असं गोणपाट आहे. गूगलचं सर्च कन्सोल फुकट मिळतं. कोणते शब्द शोधणाऱ्यांना आपलं पान दिसलं, किती वेळा दिसलं आणि कितींनी ते उघडलं, हे ते आकड्यांत सांगतं. पण शंभर दाणे मोजल्याशिवाय पेरू नका असं गिऱ्हाइकाला बजावणारा दुकानदार स्वतः ते उघडत नाही. पासवर्ड हमीदाराकडे असतो. पुष्कळदा डोमेनही त्याच्याच नावावर असतं, हे भांडण झाल्यावर कळतं.

कुणी म्हणेल, बियाणं फसलं तर हंगाम जातो, म्हणून तिथे कायदा आणि तालुक्याला तक्रार निवारण समिती. वेबसाइट फसली तर काय जातं? तिथेही हंगामच जातो. कृषी केंद्राची कमाई मृगाच्या आसपास, क्लासवाल्यांची दहावीच्या निकालानंतर, मंगल कार्यालयाची लग्नतिथींवर. 'तीन महिने थांबा' म्हणणारा माणूस एप्रिलात भेटला, तर पेरण्या उरकल्यावरच पहिलं पान हाती यायचं.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. हमीदार नसता तर यातल्या निम्म्या दुकानांचं नाव गूगलला कळलंही नसतं. खरं आहे, आणि गंमत अशी, की त्याचं सगळ्यात मोलाचं काम तो फुकट करतो. भंगार घेऊन आलेला परप्रांतातला ट्रकवाला रात्री दोनला औद्योगिक वसाहतीत शिरतो आणि नकाशा त्याला कारखान्याच्या मागच्या भिंतीशी आणून सोडतो. तिथून तो मालकाला उठवतो. दुसऱ्या दिवशी हमीदार मोटारसायकलवर येतो, फाटकापुढे उभा राहतो, नकाशावरची खूण उचलून बरोबर फाटकावर ठेवतो, पाटीचा फोटो टाकतो, सुट्टीचा वार घालतो आणि बंद पडलेला लँडलाइन नंबर काढून चालू मोबाइल नंबर लिहितो. वीस मिनिटांचं काम, पण त्यानंतर मालकाला रात्री झोप लागते. जवळपासचं दुकान शोधणाऱ्यालाही याचाच सगळ्यात जास्त उपयोग. याचे पैसे मागितले, तर मालक म्हणतो, "एवढ्याशा कामाचे कसले पैसे रे?" पहिल्या पानाचे मात्र तो वर्षाच्या वर्षाला मोजतो. मग हमीदारानं विकायचं तरी काय? माझ्या मते या व्यवहारातला मोठा वाटा मालकाचा आहे. सळईचं वजन काट्यावर किलोकिलोनं तपासणारा माणूस स्वतःच्या नावापुढे आला, की काटा बाजूला ठेवतो.

त्यापेक्षा सरळ जाहिरात द्यावी, असं काहींचं म्हणणं. द्यावी की! निदान तिच्या डोक्यावर 'प्रायोजित' असं लिहिलेलं तरी असतं. घाईतल्या हमीदाराला ही सोय वेगळ्या कारणानं आवडते: मुदत संपत आली, की मालकाच्याच पैशातून तो दोन दिवस जाहिरात चालवतो आणि 'प्रायोजित'वर अंगठा ठेवून मोबाइल पुढे करतो.

२०२४ पासून भारतात गूगल कितीतरी प्रश्नांना सगळ्यात वर स्वतःच एआयनं लिहिलेलं उत्तर देऊ लागलं आणि दुव्यांची यादी खाली सरकली. आता हमीदाराचा धंदा बसणार, असं ज्यांना वाटलं त्यांनी त्याला ओळखलंच नाही. पानाशी त्याला कधी देणंघेणं नव्हतं; मालकाला आपलं नाव कुठे बघायला आवडेल, एवढं कळलं की त्याचं भागतं. त्याचं नवं पॅकेज तयार आहे: 'एआयच्या तोंडी आपलं नाव'. प्रात्यक्षिकही बसवलेलं आहे. मालकाच्या मोबाइलवर तो एआयला विचारतो, 'नव्या मोंढ्यातलं अमुक कृषी सेवा केंद्र कसं आहे?' आणि एआय अदबीनं सांगतं, की अमुक कृषी सेवा केंद्र हे जालन्यातलं एक विश्वासू नाव आहे. नाव प्रश्नातच होतं, हे काउंटरभोवती जमलेल्या कुणाच्याच ध्यानात येत नाही. दर सध्या बोलून ठरतो, जीएसटी वेगळा.