आडसाली पदवी

२०२४च्या जूनमध्ये आमची पुतणी बारामतीच्या कॉलेजात बी.ए.ला गेली आणि निमगाव केतकीत बातमी पसरली, की पोरीचा ऑनर्सला नंबर लागला. आमच्याकडं नंबर लागतो तो पोलीस भरतीत, नाहीतर कारखान्याच्या तोडणीच्या यादीत. दोन्हींची किंमत गावाला ठाऊक असल्यामुळं पेढे वाटण्यावाचून सुटका नव्हती. खरं तर २०२०चं शैक्षणिक धोरण त्या वर्षी महाराष्ट्रातल्या संलग्न कॉलेजांत पोचलं होतं, आणि बी.ए.चा फॉर्म भरणारा जो तो आपोआप चार वर्षांच्या वाटेला लागत होता.

घरात पदवीधर मी एकटा. पुणे विद्यापीठ, स्पेशल इतिहास. त्यामुळं हे प्रकरण उलगडायला मला इंदापूरहून बोलावणं आलं. थोरले बंधू तात्या ओसरीवर घरच्या मळ्यातल्या पानाला चुना लावत बसले होते.

मी सांगितलं, एका वर्षानं सोडलं तर सर्टिफिकेट, दोन वर्षांनी डिप्लोमा, तिसऱ्याला पदवी आणि चौथंही काढलं की ऑनर्स.

"म्हंजी जो मधनं पळून जात न्हाय, त्यो ऑनर्स."

विद्यापीठ अनुदान आयोगाला हे वाक्य सुचलं असतं, तर केवढा कागद वाचला असता!

मग मी विषय वाचून दाखवले. मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, व्हीएससी, एसईसी, एईसी, व्हीईसी, आयकेएस. तात्यांचा हात थांबला. "एवढी खतं? आम्ही डीएपी आन् धा-सव्वीस-सव्वीसवर भागवतोय." चार वर्षांचे मिळून १६० ते १७६ क्रेडिट, ते साठवायला अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स, हे ऐकल्यावर त्यांनी फक्त तिथं कर्जमाफी आहे का एवढं विचारलं.

तिढा पुढंच होता. तीन वर्षांत पदवी मिळत असताना चौथं कशाला? मी धोरणातली भाषा वापरून पाहिली, ती ओसरीवरून खाली उतरेना. शेवटी म्हटलं, "तात्या, सुरू ऊस बारा महिन्यांत जातो. मग तुम्ही आडसाली का लावता?"

"टनेज पडतं की."

"सोळा-अठरा महिने रान अडकतं त्याचं काय?"

"अडकू दे. निघतंय बी तसंच."

"मग ही आडसाली पदवी. आणि चार वर्षांनंतर एम.ए. एकाच वर्षात."

"त्यो खोडवा," तात्या म्हणाले. इतिहास स्पेशल घेऊन मला जे जमलं नसतं, ते ऊस लावून त्यांना जमलं. दिल्ली विद्यापीठानं २०१३मध्ये चार वर्षांची पदवी सुरू केली आणि २०१४मध्ये मोडून टाकली, हे मी सोयीनं गाळलं. उभं पीक मोडल्याच्या गोष्टी शेतकऱ्याला सांगू नयेत.

संशोधनासह ऑनर्स हवा असेल, तर पहिल्या सहा सेमिस्टरना पंच्याहत्तर टक्के लागतात, असं मी म्हणताच तात्या सावध झाले. "पंच्याहत्तर? हितं साडेअकरा उतारा पडला तर कारखान्याचा चेअरमन हार घालून घेतोय." शिवाय मध्येच बाहेर पडलं तरी तीन वर्षांच्या आत परत येता येतं, सगळं मिळून सात वर्षांत संपवायचं, ही सवलत तर त्यांना अजिबात पसंत पडली नाही. "सात वरीस ऊस ठिवला तर तुरा येऊन पार पोकळ हुईल. चार म्हंजी चार."

पुतणी हे सारं दारात उभी राहून ऐकत होती. तिचं मत कुणी विचारलं नव्हतं, आणि तिनं ते कॉलेजच्या फॉर्मवर केव्हाच भरून टाकलं होतं.

आमची आई मात्र इतका वेळ गप्प होती. आठ सेमिस्टरचा हिशोब तिनं बोटांवर दोनदा केला आणि नातीला विचारलं, "मग लगीन कितव्या शिमिस्टरला?"

"आज्जे, ते ओपन इलेक्टिव्हमध्ये येतं."

आईनं माझ्याकडं बघितलं. घरातला पदवीधर म्हणून हेही समजावून सांगायचं काम माझ्याकडंच आलं.